चार रुपये महिना
(पगारी क्रिकेटपटूच्या चरित्राला प्रस्तावना)

आमच्या लाखांदूर तालुक्यात धानाची कापणी-चुरणी आटोपली की बांध्या रिकाम्या पडतात. गावोगाव मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगतात आणि दिवसा त्याच रिकाम्या बांध्यांत टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. सामन्याच्या आधी दोन-तीन दिवस कुणीतरी धसकटं उपटतं, ढेकळं फोडतं, बोअरवरून पाणी आणून मारतं, चोपणीनं माती चोपतं. धुऱ्यावर बसणाऱ्या प्रेक्षकांना ती पट्टी आयती दिसते. चेंडू कुठे टप्पा घेऊन वळेल, कुठे बसेल, हे मात्र त्या राबणाऱ्या मुलाला सर्वांआधी कळलेलं असतं, कारण तिथली माती त्याच्या नखांत असते.

या पुस्तकाचं हस्तलिखित वाचताना तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. पुस्तकाचा नायक हा असाच पट्टी तयार करणारा पोरगा होता. पालवणकर बाळू त्याचं नाव. १८७६ साली धारवाडला त्याचा जन्म झाला. घराणं मूळचं कोकणातलं, चांभार समाजातलं. वडील लष्कराच्या चाकरीत, म्हणून वाढला पुण्यात. आधी पारशांच्या एका क्लबात मैदान झाडायला आणि रोलर ओढायला महिना तीन रुपयांवर होता. मग १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात लागला, तेव्हा पगार चार रुपये झाला. मैदान निगुतीनं राखायचं, सरावाची जाळी बांधायची, साहेब फलंदाजीला आले की चेंडू टाकायचा, अशी ती नोकरी. भारतीय क्रिकेटला पहिला खरा मोठा गोलंदाज मिळाला तो या चार रुपयांच्या नोकरीतून.

बाळूंची कथा आजवर मुख्यतः दोन तऱ्हांनी सांगितली गेली. एक तऱ्हा अन्यायाची: संघात चेंडू हाती घेतला, पण चहा वेगळ्या भांड्यात घ्यावा लागला. दुसरी राजकारणाची: गांधी, पुणे करार, आंबेडकरांविरुद्धची निवडणूक. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही या पुस्तकात आहेत. पण त्यांच्या गर्दीत बाळूंचं काम मागे पडतं. सकाळ-संध्याकाळ तासन्‌तास चेंडू टाकून कमावलेलं कसब, त्या कसबाचे पैसे, त्यातून झिजलेला खांदा. या पुस्तकाच्या लेखकाने बाळूंकडे सर्वांत आधी पगारी क्रिकेटपटू म्हणून पाहिलं आहे. मला ही दृष्टी योग्य वाटते, आणि मराठीत ती प्रथमच इतक्या निष्ठेने मांडली जात आहे असं माझं मत आहे.

नव्या वाचकाला आधी 'पगारी' या शब्दाचा त्या काळातला अर्थ सांगायला हवा. आज पैसे घेऊन खेळणारा तोच खरा खेळाडू मानला जातो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात उलटं होतं. तिथे मैदानावर दोन जाती होत्या: पैशासाठी न खेळणारे 'जंटलमन' आणि पैशासाठी खेळणारे 'प्लेयर'. एकाच संघाचे खेळाडू वेगवेगळ्या खोल्यांत कपडे बदलत, कित्येक मैदानांवर वेगवेगळ्या फाटकांतून आत येत. धावफलकावर नाव छापतानासुद्धा भेद असे. हौशी खेळाडूच्या नावापुढे सन्मानाने 'मिस्टर' किंवा आद्याक्षरं लागत, पगारी खेळाडूचं नुसतं आडनाव छापून भागवत. या दोन जातींमधला सामना १८०६ पासून खेळला जाई, तो १९६२ साली बंद पडला. आणि कामाची वाटणीही ठरून गेल्यासारखी होती. फलंदाजी ही मुख्यतः हौशी मंडळींची शोभा, गोलंदाजी ही पगारी माणसांची मेहनत. दिवसभर चेंडू टाकणं हे अंगमेहनतीचं काम, आणि अंगमेहनत कुणाच्या वाट्याला येते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

या पगारी गोलंदाजांतला सर्वांत थोर म्हणजे यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स. जन्म १८७७, म्हणजे बाळूंपेक्षा वर्षाने लहान. तोही डावखुरा, तोही संथ फिरकीचा. १८९८ साली पहिल्याच हंगामात त्याने दीडशेवर बळी घेतले. कारकीर्द संपली तेव्हा प्रथम दर्जाच्या सामन्यांतले बळी झाले होते ४,२०४. हा आकडा आजवर कुणाला गाठता आलेला नाही. १८९९ साली पहिली कसोटी आणि १९३० साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, शेवटची. संघात अकराव्या क्रमांकावर फलंदाजीला जाणारा हा माणूस पुढे सलामीला गेला आणि १९११-१२ च्या दौऱ्यात मेलबर्नला जॅक हॉब्जबरोबर ३२३ धावांची सलामी देऊन आला. एवढं सगळं करूनही इंग्लंडचं कप्तानपद त्याच्या विचारातही आलं नसेल, कारण ते पगारी माणसाला द्यायचं नसे. विसाव्या शतकात पगारी खेळाडू इंग्लंडचा कप्तान झाला तो थेट १९५२ साली, लेन हटन. त्याचा कप्तान म्हणून पहिला सामना भारताविरुद्ध होता.

दुसरा केंटचा कॉलिन ब्लाइथ. हाही डावखुरा फिरकीवाला. वुलिच इथल्या शस्त्रांच्या कारखान्यात कामाला होता. सरावात चेंडू टाकताना जाणत्यांच्या नजरेस पडला आणि केंटने त्याला टनब्रिजच्या आपल्या शिक्षणकेंद्रात घेतलं. एकोणीस कसोटींत शंभर बळी घेतले. मिरगीचा विकार होता, तरी महायुद्धात दाखल झाला आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये बेल्जियममधल्या पाशेंडेलजवळ मारला गेला. तिसरा सिडनी बार्न्स. २७ कसोटींत १८९ बळी. १९१३-१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत चार कसोटींत ४९. पण हा माणूस काउंटीच्या पगाराला राजी झाला नाही. माझ्या चेंडूचं मोल मी ठरवीन, अशा बाण्याने त्याने आयुष्याचा मोठा भाग जास्त पैसे देणाऱ्या लीग क्लबांत आणि छोट्या काउंटीत काढला. मला या तिघांत बार्न्स जास्त आवडतो. आपल्या श्रमाची किंमत ठाऊक असलेला माणूस दुर्मीळ असतो, तेव्हाही होता.

आता पुण्याच्या क्लबाकडे परत येऊ. बाळूंची तयारी इथे झाली, आणि या भागावर पुस्तकाने हात राखलेला नाही, हे फार चांगलं केलं. जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी त्या काळात युरोपियनांचा सर्वोत्तम फलंदाज होता. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंकडून सराव करून घेई. बाळूंनी त्याला बाद केलं की प्रत्येक वेळी तो आठ आणे देई, असं सांगतात. हिशेब पाहा: महिन्यात आठ वेळा बाद केलं तर पगाराइतकीच वरकड मिळकत. ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते. मला तीत एक पूर्ण शिक्षणपद्धती दिसते. उत्तम फलंदाजासमोर रोज शेकडो चेंडू, प्रत्येक चुकीचा लगेच मिळणारा धडा, प्रत्येक बळीला रोख मोल. टप्पा कसा राखायचा, उंची देऊन फलंदाजाला पुढे कसं ओढायचं, एकाच हातवाऱ्यातून चेंडू दोन्हीकडे कसा वळवायचा, हे बाळू कुठल्या प्रशिक्षकाकडून शिकले नाहीत. पट्टीवरचं दव किती वाजता सुकतं आणि रोलर कुठे कमी फिरला आहे, हे त्यांना ठाऊक असे. तो रोलर त्यांनीच ओढलेला असे. आणि या सगळ्या काळात त्यांना जाळीत बॅट हाती घ्यायची संधी जवळपास मिळाली नाही. इंग्लंडातली ती वाटणी इथेही जशीच्या तशी आली होती.

पण एक फरक होता, आणि तो पुस्तकाच्या गाभ्याशी आहे. ऱ्होड्सची पायरी त्याच्या धंद्यावरून ठरली होती. तो पगारी होता म्हणून खालच्या फाटकातून यायचा. बाळूंची पायरी जन्मावरून ठरलेली होती. पगार दुप्पट केला काय किंवा सोडून दिला काय, ती हलणार नव्हती. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि युरोपियनांच्या फलंदाजीची नस बाळूंइतकी कुणालाच माहीत नव्हती. म्हणून वाद झाले तरी बाळूंना घेतलं. चेंडू सर्वांच्या हातून फिरला, त्याला विटाळ झाला नाही. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला गेला, जेवणाचं ताट वेगळं राहिलं. ऱ्होड्सच्या देशात भिंत दोन खोल्यांमध्ये होती, इथे ती दोन माणसांमध्ये होती. पुस्तक या दोन भिंतींना एकसारखं मानत नाही, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

१८९६ नंतरच्या वर्षांत बाळू मुंबईला आले, परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि बीबीसीआय रेल्वेत नोकरीला लागले. मुंबईचं क्रिकेट तेव्हा धर्मावर उभं होतं. इंग्रजांखालोखाल पारशी पुढे होते. त्यांचे संघ १८८६ आणि १८८८ साली इंग्लंडला जाऊन आले होते. हिंदू मागाहून आले, १९१२ पासून मुसलमान संघ आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ साली पंचरंगी. १९४६ नंतर ती बंद पडली. आज हे संघ ऐकायला खटकतात, पण बाळूंच्या पिढीला मोठं क्रिकेट खेळायला दुसरं व्यासपीठच नव्हतं. रणजी स्पर्धा सुरू झाली ती १९३४ साली, तेव्हा बाळू अठ्ठावन्न वर्षांचे होते.

१९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. हिंदूंच्या २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. त्या संघात बाळूंसोबत त्यांचा धाकटा भाऊ शिवरामही होता. स्वदेशीच्या दिवसांतला हा विजय. समाजसुधारकांनीही त्यात जातिभेद सैल होण्याची खूण पाहिली. पुढे गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही खेळू लागले. एका घरातले चार भाऊ मोठ्या संघाकडून खेळले, तेही असं घर की ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नसतं.

मग १९११. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदू, पारशी आणि मुसलमान खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ म्हणून कामगिरी साधारण होती: प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांत दोनच विजय, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध. महाराज स्वतः थोडेच सामने खेळले. बाळू मात्र पस्तिशीत, दुखऱ्या खांद्याने, उन्हाळाभर चेंडू टाकत राहिले. सगळे सामने धरून ११४ बळी, सरासरी १८.८४. प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७५. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. परक्या हवेत, परक्या मातीवर, रोज नवा संघ. मला हा हंगाम भारतीय गोलंदाजीच्या इतिहासातला पहिला महान हंगाम वाटतो, आणि तो क्रिकेटच्या गप्पांमध्ये इतका कमी का येतो याची खंतही वाटते. प्रथम दर्जाची त्यांची सगळी कारकीर्द मिळून आकडा ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१ एवढा भरतो. ऱ्होड्सच्या ४,२०४ शेजारी हा आकडा लहान दिसेल. त्यातली गोम अशी की ऱ्होड्सला १,११० सामने मिळाले. बाळूंना सामनेच मिळाले तेहतीस. उरलेली गोलंदाजी जाळीत झाली, तिचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

कप्तानपद त्यांना कधी पूर्णपणे मिळालं नाही. १९१३ साली कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी, हा मान खरा बाळूंचा होता, असं जाहीरपणे म्हटलं. १९२० साली बाळूंना वगळलं गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. लोकांच्या मनातली चीड वाढली, तडजोड झाली, बाळू उपकप्तान झाले. आणि अंतिम सामन्यात कप्तान पै काही काळ मैदानाबाहेर गेले, म्हणून तेवढा वेळ बाळूंनी संघ हाकला. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि संघ जिंकला. जे थोरल्याला मिळालं नाही ते धाकट्याला मिळालं, त्यामागे थोरल्याची पंचवीस वर्षांची गोलंदाजी होती.

आता राजकारण. इथे आम्हा भंडारा जिल्ह्यातल्या वाचकांना थबकायला होईल. १९३२ च्या पुणे करारावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत बाळूंचीही सही आहे. बाळू गांधींच्या बाजूने होते. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेबांचा पक्ष तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष होता, आणि समोर उभा होता तो आयुष्यभर हाताच्या मजुरीवर जगलेला माणूस. या लढतीवरून बाळूंना दोष देणं सोपं आहे. तसंच ती लढत झाकून त्यांना नुसतं थोर म्हणणंही सोपं आहे. लेखकाने दोन्ही टाळलं. ज्या पिढीने आपल्या कसबाने एकेक दार उघडलं तिला वाटलं की अशीच दारं उघडत जातील. बाबासाहेबांनी मात्र सगळं घरच नव्याने बांधायला घेतलं होतं. माझा कौल बाबासाहेबांच्या बाजूने आहे. १९५४ साली याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब हरले, ती सल आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे. त्यामुळे बाळूंच्या त्या ११,२२५ मतांबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. पण म्हणून बाळूंच्या हातचा चेंडू माझ्या लेखी हलका होत नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू वारले.

या विषयावरचं लेखन थोडं, पण मोलाचं आहे. सर्वांत महत्त्वाचं विठ्ठल पालवणकरांचं 'माझे क्रीडा-जीवन', १९४८ साली प्रसिद्ध झालेलं मराठी आत्मचरित्र. एका दलित खेळाडूने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं हे पुस्तक मराठीत आहे आणि मराठी वाचकांना ते फारसं माहीत नाही, ही गोष्ट मला बोचते. इंग्रजीत रामचंद्र गुहांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात बाळूंना भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासाच्या मध्यभागी आणलं. त्यांनीच विठ्ठलांच्या पुस्तकाचं मोल जगाला दाखवलं. प्रशांत किदंबींनी २०१९ साली १९११ च्या दौऱ्याचा सविस्तर इतिहास लिहिला. एकीकडे आकडेवारी आणि सामन्यांच्या वर्णनांची जुनी परंपरा, दुसरीकडे जात, साम्राज्य, शहर यांच्या अंगाने पाहणारे हे इतिहासकार. तिसरी वाट मजुरीच्या अंगाने पाहण्याची. इंग्लंडात ती पुष्कळ रुळली आहे. तिथले पगारी खेळाडू हिवाळ्यात काय करीत, मदतनिधीच्या सामन्यात त्यांना किती मिळे, म्हातारपण कसं गेलं, यावर लिहिलं जातं. आपल्याकडे ही वाट मोकळी पडली होती. प्रस्तुत पुस्तक तीवरून चालतं.

आजच त्याची गरज का, तर आज क्रिकेटमध्ये पैसा आहे आणि तो सर्वांना दिसतो. २००८ पासून खेळाडूंचे लिलाव होतात, आमच्या खेड्यातली मुलं मोबाइलवर ते आकडे पाहतात. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. नागपूरजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, उमेश यादव, भारताकडून कसोटी खेळला. २०२२ साली महिला खेळाडूंना पुरुषांइतकं सामन्याचं मानधन देण्याचा निर्णय झाला. ही सगळी बाळूंच्या चार रुपयांपासून चालत आलेली वाट आहे. तरीही मैदान राखणारे, जाळीत दिवसभर चेंडू टाकणारे, पंचगिरी करणारे, सामन्यानंतर पट्टीवर ताडपत्री ओढणारे हात अजून आकड्यांत येत नाहीत. पगारी असणं ही एके काळी कमीपणाची खूण होती हे ज्याला कळेल, त्याला आज मैदानावर कुणाला मोबदला मिळतो आणि कुणाला नाही हेही दिसू लागेल.

लेखकाने काय साधायचं ठरवलं आहे, तेही थोडं सांगतो. बाळूंच्या स्वतःच्या शब्दांत फार थोडं हाती लागतं, म्हणून त्यांच्या मनातलं बोलणं रचून घातलेलं नाही. जिथे आठवण आणि धावफलक यांचा मेळ बसत नाही, तिथे दोन्ही समोर ठेवले आहेत. ऱ्होड्स, ब्लाइथ, बार्न्स यांना आणलं आहे ते बाळूंना त्यांच्या मापाने मोजण्यासाठी नव्हे. एकाच काळात, एकाच कसबाची माणसं दोन समाजांत कशी जगली, ते शेजारी ठेवून दिसावं म्हणून. भाषा शाळेतल्या मुलाला कळेल अशी आहे. एक उणीव मला जाणवली, ती सांगणं माझं काम आहे: गणपत आणि शिवराम यांच्यावर आणखी लिहायला हवं होतं. पुढच्या आवृत्तीत ते यावं.

लाखांदूरच्या, वडशाच्या, साकोलीच्या, पवनीच्या शाळांमधल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: हे पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात कुलपाआड ठेवू नका, मैदानावर जाणाऱ्या मुलांच्या हाती द्या. आणि यंदा बांधीतला सामना झाला की गुणलेखकाच्या वहीत शेवटच्या पानावर पट्टी कुणी तयार केली त्याचं नाव लिहा.

लाखांदूर, जि. भंडारा